अंकलचं जर्मन मशीन

वसई-विरारच्या धुळीत पोटजाती आहेत. पश्चिमेला समुद्राकडून येते ती बारीक आणि खारट, बसली की उठायचं नाव घेत नाही. पूर्वेला हायवेची आणि खदाणींची. ती कोरडी, उडती, फिरतीवरची. मधल्या पट्ट्यात बिल्डरची. ती कायमस्वरूपी, कारण एक टॉवर पुरा होतो तेव्हा शेजारचा पाया खणायला घेतलेला असतो. या तिघींचा संगम आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत होतो.

एवढं वैभव असूनही इथल्या घरांत व्हॅक्यूम क्लीनर माळ्यावर असतो. यंत्र जन्मलं गालिच्यासाठी, आणि आपल्याकडे लादी. लादीला झाडू आणि ओलं फडकं पुरतं, आणि ते घेऊन येणाऱ्या मावशींना आपल्या कामात यंत्राची लुडबूड खपत नाही. आमच्या मावशींनी एकदाच ते चालू झालेलं पाहिलं आणि विचारलं, "एवढं ओरडतंय, मग झाडतंय कधी?"

गालिच्याचं म्हणाल तर १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरनं धूळ फुंकणाऱ्या एका यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं. फुंकलेली धूळ थोडी हवा खाऊन परत जागेवर येऊन बसायची. बूथला वाटलं, फुंकण्याऐवजी ओढली तर? मग एका हॉटेलात खुर्चीच्या गुबगुबीत पाठीवर रुमाल पसरून, त्याला तोंड लावून, त्यानं जोरात श्वास ओढला. ठसका लागून गुदमरायची वेळ आली, पण रुमालावर धुळीचा डाग उमटला. हाच प्रयोग घरी बायकोसमोर केला असता तर पुढचं काही घडलं नसतं. त्याचं यंत्र घोडागाडीवर असायचं. गाडी रस्त्यात उभी, आणि लांबलचक नळ्या खिडकीतून घरात. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबेमधला गालिचा त्यानंच साफ केला. ही गाडी संध्याकाळी सहाला अंबाडी रोडवर उभी करून दाखवावी, माझं आव्हान आहे. नळी खिडकीपर्यंत पोचायच्या आत रिक्षांची रांग माणिकपूरला गेलेली असेल.

घरात मावणारं यंत्र जमवलं ते अमेरिकेत ओहायोतल्या कँटन गावच्या जेम्स मरे स्पँग्लर या झाडलोट करणाऱ्या माणसानं. त्याला दमा होता. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांची मोट बांधून त्यानं १९०८ साली पेटंट मिळवलं आणि चामड्याचा धंदा करणाऱ्या विल्यम हूव्हरला विकलं. दमा स्पँग्लरचा आणि नाव हूव्हरचं. असे व्यवहार आपल्यालाही नवे नाहीत.

आपल्याकडे हे यंत्र मध्यमवर्गाच्या दारात आणलं १९८२ साली सुरू झालेल्या युरेका फोर्ब्जनं. भर उन्हात टाय लावलेली मुलं बेल वाजवायची आणि आपल्याच गादीतून आपलीच धूळ काढून फडक्यावर पसरून दाखवायची. तो अपमान सहन न होऊन कित्येक घरांनी हप्ते बांधून घेतले. "अहो, गेल्या दिवाळीत तर उन्हात टाकली होती गादी," एवढंच आमच्या आत्याला म्हणता आलं होतं. मशीन मात्र तिनं घेतलं नाही, कारण तिच्याकडे आधीच एक होतं. पापडीच्या अंकलनी गावचं घर पाडून बिल्डिंग बांधताना तिला दिलेलं, आणि आता वारशानं माझ्याकडे आलेलं.

अंकल तरुणपणी सौदीत, दम्मामला होते. मशीन तिथून आणलं आणि ते जर्मन आहे, यावर ते चर्चमध्ये शपथ घ्यायला तयार होते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ते रशियन ठरवलं, कारण जड होतं. मेहुण्यांनी पाहताक्षणी "ॲन्टिक! लाखभर सहज," असं सांगितलं आणि फोटो काढून घेतले. पुरावा कोणाकडेच नव्हता, कारण खिडकीच्या ग्रिलचा हिरवा ऑइलपेंट उरला तेव्हा अंकलनी तो वाया जाऊ न देता मशीनला लावला होता. पाटीसकट.

जुन्या मशीनची ओळख पटवताना घरच्यांच्या आठवणी सगळ्यात शेवटी विचारात घ्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी चाकं पाहावीत. आमच्याला नव्हती. लांबट नळकांडं आणि खाली घसरगाडीसारख्या दोन पट्ट्या. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सनं १९२१ साली अशा पट्ट्यांवर सरकणारं मशीन काढलं आणि पुढे बरीच वर्षं ती ढब चालली. मग काळं बटण अंगठ्यानं खसाखसा घासून हुंगावं. दवाखान्यातल्या फिनेलसारखा उग्र वास आला तर बॅकेलाइट, म्हणजे साध्या प्लॅस्टिकच्या राज्याआधीचं. (मी बटण हुंगत असताना मावशी आत आल्या आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या.) वायरवर सुती विणीचं वेष्टण असेल तर वय नक्की, आणि तितकीच नक्की ती वायर बदलण्याची गरज, कारण आतलं रबर तोवर भुसभुशीत झालेलं असतं.

खरी गोष्ट व्होल्टेजची. सौदीतल्या घरांत पूर्वी १२७ व्होल्टचा पुरवठा असायचा. तिथलं मशीन इथल्या २३० व्होल्टला लावलं तर धूळ ओढायच्या आधी ते स्वतःच धूर सोडेल. म्हणून पाटी वाचल्याशिवाय प्लग लावायचा नाही, असा मी घरात हुकूम काढला. तो आत्याला लागू नव्हता. तिनं ते दरवर्षी दिवाळीला चालवलेलं होतं. "काही होत नाही त्याला," ती म्हणाली. झालं ते तिलाच. मूळ पिशवी फाटल्यावर तिनं जुन्या परकराची पिशवी शिवून आत बसवली होती आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मशीन रांगोळीवर फिरवलं. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. पुढून गेली आणि परकरातून गाळून, अधिक बारीक होऊन, मागून बाहेर आली. आत्या, टीव्ही, फराळाचे डबे आणि दिवाणावर झोपलेले काका एकाच गुलाबी रंगात न्हाले. काकांना जाग आली ती संध्याकाळी, आरशासमोर.

तेव्हा पिशवी घट्ट विणीची हवी, अर्धी भरली की झटकावी, आणि रांगोळी, सिमेंट, राख, पाणी यांच्या वाटेला मशीननं जाऊ नये. बाकीची देखभाल मला शिकवली ती होळी बाजाराजवळच्या मिक्सरवाल्यानं. मिक्सर काय आणि हे काय, मोटर एकाच घराण्यातली. त्यानं झाकण उघडलं, नळीतून पालीची अंडी काढली आणि आर्मेचर निरखून म्हणाला, "कार्बन संपलेत. बेरिंग आवाज करतंय. वाइंडिंग मात्र एक नंबर. कोणी वापरलंच नाही वाटतं?" कार्बन म्हणजे मोटरला वीज पोचवणारे दोन छोटे ठोकळे, ते झिजतात, आणि झिजावेत म्हणूनच असतात. आतून जास्त ठिणग्या दिसल्या तर आधी त्यांच्याकडे बघावं. तसे मिळाले नाहीत तर जरा मोठे आणून घासून बसवता येतात. आमच्या खाऱ्या हवेचा त्याला फार राग. वसईत मशीन चालून मरत नाही, बसून गंजतं, असं त्याचं म्हणणं. महिन्यातून एकदा पाच मिनिटं चालवायचं, पत्र्याला सुकं फडकं मारायचं, पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवायचं नाही, आत घाम धरतो. सुती चादर टाकायची. नळी घडी घालून नाही, सैल वेटोळं करून ठेवायची.

त्यानंच पाटीवरचा हिरवा रंग नाजूक हातानं खरवडला. कंपनीचं नाव गंजानं खाल्लेलं, पण खालची ओळ शाबूत होती: २२०-२४० व्होल्ट, एसी/डीसी, मेड इन स्वीडन. म्हणजे आत्या वाचली होती ती नशिबानं नव्हे, स्वीडनच्या दूरदृष्टीनं.

मशीन आता पंखे, पुस्तकांची कपाटं आणि खिडकीच्या चॅनेलमधली वाळू ओढतं. बातमी सांगायला मी पापडीला गेलो. अंकल ओट्यावर बसले होते. जर्मन नाही, स्वीडिश आहे आणि १२७ व्होल्टचंही नाही, हे त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा काढला.

"म्हणजे हे माझं नाहीच," ते म्हणाले. "माझं जर्मन होतं. तुझ्या आत्याला विचार, माझं कुठं ठेवलं ते."