कच्च्या लिंबाची सोय

मराठी मुलांनी जगाला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी ‘कच्चा लिंबू’ असं उत्तर देईन. लपंडाव असो, लगोरी असो की गल्लीतलं क्रिकेट, थोरल्या भावंडाचा शर्ट धरून आलेलं एक शेंबडं पोर प्रत्येक खेळात असायचंच. त्याला घेतलं तर डाव बिघडणार आणि नाही घेतलं तर ते घरी जाऊन तक्रार करणार, म्हणजे डावच बंद पडणार. या पेचातून मुलांनी एकाही मोठ्या माणसाला न विचारता वाट काढली: त्याला कच्चा लिंबू केलं. त्याने धावायचं, लपायचं, हवं तेवढं ओरडायचं. पण तो आऊट होणार नाही आणि त्याच्यावर राज्य येणार नाही. धाकट्यांसाठी वेगळा, गोडगोड, बोधप्रद खेळ काढावा असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. खेळ तोच ठेवला आणि नियमांच्या भिंतीला एक खिडकी पाडली. घरात चार, नऊ आणि चौदा अशा वयांची मुलं असताना व्हिडिओ गेम कोणता घ्यावा, या प्रश्नाने हल्ली आईबाप हैराण असतात. माझं म्हणणं एवढंच, की आधी ही खिडकी शोधावी. ज्यात कच्च्या लिंबाची सोय आहे तो घराचा गेम. बाकीचे ज्याचे त्याचे.

प्रत्यक्षात निवड होते ती खोक्यावरच्या आकड्यावरून. या आकड्यांचा जन्म भांडणातून झाला. ‘मॉर्टल कॉम्बॅट’सारख्या गेममधला रक्तपात पाहून 1993 साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली. सरकारने कान धरण्याआधी आपणच शहाणं झालेलं बरं, असा विचार करून गेमवाल्यांनी 1994 साली ईएसआरबी हे मानांकन मंडळ काढलं. युरोपात 2003 पासून पेगी या मानांकनाचे 3, 7, 12, 16 आणि 18 हे आकडे आले. हे आकडे निरुपयोगी आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. 18 लिहिलेला गेम सात वर्षांच्या पोराच्या हाती देऊन वर ‘तसा तो समजूतदार आहे’ म्हणणाऱ्या बापाच्या समजूतदारपणाबद्दल बोलायला हवं. पण हा आकडा म्हणजे फरसाणाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका. आत मांसमच्छी नाही एवढीच तो हमी देतो. मीठ किती, तिखट किती, दात शाबूत राहतील का, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पेगी स्वतःच सांगते की आकडा आशयाबद्दल आहे, खेळाच्या अवघडपणाबद्दल नाही. म्हणजे ज्यावर 3 लिहिलंय तो गेम तीन वर्षांच्या मुलाला खेळता येईल असं नव्हे. तो पाहून ते बिघडणार नाही, इतकंच.

आणि ठिपका लावणाऱ्यांचाही हात कधीकधी हलतो. ‘बलाट्रो’ हा पत्त्यांचा गेम. त्यात पोकरचे हात लावायचे असतात, पण खऱ्या पैशाचा एक छदामही डावावर लागत नाही. तरी पोकर शिकवतो म्हणून पेगीने त्याला 2024 साली थेट 18 चा शिक्का मारला आणि 2025 साली, अपिलानंतर, तो 12 वर आणला. इकडे खऱ्या पैशांनी बंद पाकिटं विकत घ्यायची आणि आत कोणता खेळाडू निघतो ते देवाचं नाव घेऊन बघायचं, अशी सोय असलेल्या फुटबॉलच्या गेमवर तेव्हा मात्र 3. आपल्याकडेही मासले कमी नाहीत. 2021 साली भारतासाठी म्हणून आलेल्या बीजीएमआय या गोळीबाराच्या गेममध्ये गोळी लागल्यावर रक्त हिरवं उडायचं. पालकांचं समाधान व्हावं म्हणून रक्तच पालकाच्या रंगाचं केलं. तेव्हा आकडा जरूर बघावा, पण तो बघून झाला की निवड संपली असं समजू नये. खरी निवड तिथून सुरू होते.

खिडकी कशी असते ते जवळून बघू. 2017 चा ‘मारिओ कार्ट 8 डिलक्स’ ही मोटारींची शर्यत आहे आणि एकाच पडद्याचे चार तुकडे करून चौघं ती खेळू शकतात. चार वर्षांच्या भिडूसाठी त्यात स्मार्ट स्टिअरिंग लावता येतं. ते लावलं की गाडीच्या मागे एक छोटी अँटेना उगवते आणि गाडी कडेला गेली की हलकेच आत ओढली जाते, दरीत कोसळत नाही. वेगही आपोआप धरायला सांगता येतो. पोराने चाक उलटं फिरवलं, तोंडात घातलं, तरी गाडी शेवटच्या रेषेपर्यंत जातेच. मात्र काही चोरवाटा त्याला बंद. सवलत घेतलीस ना, मग राज्यही नाही. अगदी गल्लीतला न्याय. वर या गेममध्ये मागे पडलेल्याला दणकट हत्यारं मिळतात आणि पुढच्याच्या वाट्याला केळ्याची सालं आणि सुटी नाणी. त्यात ते कुप्रसिद्ध निळं कवच. ते पहिल्या नंबरच्या गाडीला हुडकत जातं आणि तिच्या डोक्यावर फुटतं. घरातल्या सर्वात तरबेज आणि सर्वात शिष्ट माणसाची मस्ती उतरवायची इतकी चोख यंत्रणा एकत्र कुटुंबालाही कधी जमली नव्हती. 2023 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’मध्ये योशी नावाचा डायनासोर घेतला तर शत्रूचा मार लागत नाही, खड्डे तेवढे सांभाळायचे. शिवाय योशीच्या पाठीवर दुसऱ्या खेळाडूला बसता येतं. म्हणजे सर्वात धाकटं पोर दादाला पाठुंगळी घेऊन पळतंय, हे दृश्य बाकी कुठल्या खेळात दिसणार?

जरा मोठ्या मुलांच्या बाबतीत खिडकी वेगळ्या जागी असते. तिथे सवलत नको, कामाची वाटणी हवी. ‘ओव्हरकुक्ड’मध्ये चार आचारी एका हॉटेलचं स्वयंपाकघर चालवतात. कांद्याचं सूप म्हणजे तीन कांदे आणा, चिरा, पातेल्यात टाका, वाढा आणि उष्ट्या बश्या विसळा. पातेलं विसरलं तर करपतं, मग पेट घेतं, मग आग विझवायचं नळकांडं शोधताना दोन आचारी एकमेकांवर आदळतात. एकाने नुसत्या बश्या विसळल्या तरी तो डावाला उपयोगी पडतो. जेवल्यावर स्वतःचं ताट जागचं न हलवणारा मुलगा ‘बश्या कोण धुणार?’ म्हणून घसा फोडून ओरडताना ऐकायचा असेल, तर हा गेम जरूर आणावा. ‘माइनक्राफ्ट’ची गोष्ट थोडक्यात आटपते: राक्षस नको असतील तर ‘पीसफुल’, विटा हव्या तेवढ्या हव्या असतील तर ‘क्रिएटिव्ह’. एकच जग, आणि त्यात प्रत्येकाला आपल्या वकुबाप्रमाणे घर बांधायची मुभा. आजीआजोबांसाठी तर ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स’सारखा गेम नाही. एकाच्या पुढ्यात पडद्यावर बॉम्ब. तो निकामी कसा करायचा याची 23 पानी पुस्तिका बाकीच्यांकडे, आणि त्यांनी पडद्याकडे बघायचं नाही. पुस्तिका छापून घेता येते. लाल तारा एकाहून जास्त असतील आणि अनुक्रमांकाचा शेवटचा अंक विषम असेल तर अमुक तार कापा, अशी तिची भाषा. सरकारी कचेरीतले अर्ज आणि त्यांच्या मागच्या पानावरच्या टिपा वाचण्यात ज्यांची हयात गेली, त्या आजोबांना हे कोवळं लिखाण आहे. नातीने धापा टाकत तारा मोजायच्या आणि आजोबांनी चष्मा पुसून ‘थांब, टीप वाचू दे’ म्हणायचं. बॉम्ब काही त्यांना नवा नाही.

आता आक्षेप. पहिला, मैदान. मुलांनी मैदानावर खेळावं हे शंभर टक्के मान्य. मैदान असेल तर आधी तिथेच पाठवा. पण जो वेळ मोबाइलला जाणारच आहे, तो कोपऱ्यात एकट्याने घालवायचा की सतरंजीवर चौघांनी, एवढाच इथे मुद्दा आहे. दुसरा, पैसे. कन्सोल महाग आहे हे खरंच. पण ‘लुडो किंग’ एकाच साध्या फोनवर, फुकट, आळीपाळीने बोट लावून घरादाराला खेळता येतो, आणि फासा चार वर्षांच्या पोराला आणि सीए झालेल्या काकाला सारखाच वागवतो. तिसरा, वेळेचं व्यसन. यावर मारिओवाल्या निन्टेंडो कंपनीने 2017 साली पालकांसाठी वेळ आखून देणारं अॅप काढलं आणि त्याच्या चित्रफितीत बाप म्हणून मारिओच्या गेममधल्या बाउझरला उभं केलं. 1985 पासून राजकन्या पळवण्याचा धंदा करणारा हा खलनायक पोराचा गेम थांबवताना मात्र फोनचा आधार घेतो. अॅप वापरावंच, पण शेजारी बसलेल्या माणसाचं ‘हा शेवटचा हं’ अलार्मपेक्षा बरं लागू पडतं, कारण डाव कुठवर आलाय हे त्याला ठाऊक असतं. चौथा आक्षेप, सवलतींनी मुलं लाडावतात. कच्चा लिंबू जन्मभर कच्चा राहिल्याचं मात्र उदाहरण नाही. एके दिवशी तोच पाय आपटून ‘मला खरं घ्या’ म्हणतो, आणि त्या दिवशी अँटेना काढून टाकायची असते.

एकत्र खेळून काही फरक पडतो का? अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 साली किशोरवयीन मुलामुलींचा अभ्यास छापला. आईबापांसोबत गेम खेळणाऱ्या मुली वागायला बऱ्या आणि घराशी जास्त जोडलेल्या दिसल्या. गेम वयाला साजेसे नसले की मात्र ती जवळीक घटलेली दिसली, म्हणजे आकड्यालाही त्याचा मान मिळाला. मुलग्यांमध्ये असं काही आढळलं नाही, याचं मुलग्यांच्या आयांना आश्चर्य वाटू नये. मुळात ज्या घरात बरं चाललंय तिथेच एकत्र खेळतात, असं कुणी म्हणेल, म्हणू द्या. निदान खेळल्याने ते बरं चालणं बिघडत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती मुलांची नाही. गल्लीत कच्चा लिंबू कोण हे वयावरून ठरायचं. पडद्यासमोर तेच उलटं होतं. चौदा वर्षांची मुलगी सफाईने वळणं घेते आणि बापाची गाडी उलट्या दिशेने, कंट्रोलरबरोबर सगळं अंग झुकवत, शांतपणे जात असते. अँटेनेची गरज असते ती त्याला. मुलांना गप्प बसवायला गेम शोधणाऱ्या आईबापांना ही जागा पटकन मानवत नाही, म्हणून ते खोक्यावर मुलाचं वय वाचतात आणि स्वतःचं विसरतात. तेव्हा दुकानात विचारायचा प्रश्न ‘हा कितव्या वर्षाला चालेल?’ एवढाच नाही. ‘यात आम्हांला घेतील का?’ हाही आहे. नाही घेतलं, तर घरी जाऊन तक्रार करायचीही सोय उरलेली नाही. आपण घरीच असतो.