पुढची वेळ

संगणकाला ठरावीक वेळेची कामं नेमून दिली की तो ती मुकाट्याने करतो. धीर नसतो तो माणसाला. म्हणून लिनक्समध्ये 'सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स' अशी एक आज्ञा आहे. कुठलं काम पुढे कधी होणार, किती वेळ उरला, मागे कधी झालं, सगळी यादी समोर येते. रात्रीच्या बॅकअपला सात तास आहेत हे वाचूनही मी थोड्या वेळाने पुन्हा बघतो. अजून जवळजवळ सात तासच असतात.

अलिबागेत बसून हे करणं जरा हास्यास्पदच. समोरच्या समुद्राची यादी इथे तोंडपाठ असते: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा. सकाळ-संध्याकाळ सहाच्या पुढेमागे भरती. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. पाऊणकी पाठ असलेल्या पिढीला कागदही लागत नसे. मिनिटांचा हट्ट असेल त्याने सर्व्हे ऑफ इंडियाची कोष्टकं उघडावीत.

हेच काम संगणकाला सांगायला गेलं की पंचाईत होते. 'रोज सहाला' म्हणावं, तर भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. तिचं लक्ष चंद्राकडे. 'मागच्या खेपेनंतर १२ तास २५ मिनिटांनी' म्हणावं, तर ती नुसती सरासरी. सरकारची मासेमारीबंदी तेवढी सोपी, १ जून ते ३१ जुलै. पण नारळी पौर्णिमा पुन्हा तिथीवरच!

टायमरला 'पर्सिस्टंट' नावाची एक सवलत देता येते. मशीन बंद असताना वेळ हुकली, तर चालू झाल्यावर ते काम उरकून घेतं. समोरच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याला चालत निघालेल्या पाहुण्यांना वाटतं, ओहोटीलाही ही सवलत असेल. पोहे खाऊन, फोटो काढून निवांत येतात, तोवर वाटेवर कमरेएवढं पाणी. "मामा, रस्ता परत कधी उघडणार?" घोडागाडीवाला घोड्याचा लगाम सोडवता सोडवता म्हणतो, "आता रात्रीच."

किल्ल्यात राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं गणपतीचं मंदिर आहे. तेव्हा पावसाळा सोडून कुठल्याही चतुर्थीला या, विनायकी असो की संकष्टी. चाराचे पाऊणपट तीन. भरती तीनला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वानऊच्या आसपास. आठलाच किनाऱ्यावर हजर राहा. पोहे परतल्यावर खा.