कळत नसेल तर कोचीला जा

मराठी माणूस सहलीला निघतो तेव्हा निकाल आधीच लागलेला असतो. ताजमहाल सुंदर, म्हैसूरचा राजवाडा भव्य, मुन्नारची हवा थंड, हे सगळं घरी बसूनच ठरलेलं असतं. प्रत्यक्ष जायचं ते पडताळा घ्यायला, आणि शेजाऱ्यांना पुरावा म्हणून फोटो आणायला. केरळच्या टूरच्या पत्रकात कोचीच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस येतो. चिनी जाळी, चर्च, सिनेगॉग, डच पॅलेस, मसाल्यांची खरेदी आणि दुपारच्या जेवणानंतर मुन्नारकडे प्रयाण. माझं म्हणणं असं की हा सगळा व्यवहार एकदा उलटा करून पाहावा. शहर निवडावं ते तिथे भरलेल्या समकालीन कलेच्या प्रदर्शनासाठी, आणि बाकीचं शहर वाटेत जेवढं लागेल तेवढं पाहावं. हा सल्ला खास करून त्यांना आहे ज्यांना समकालीन कला अजिबात कळत नाही. कळणाऱ्यांना सल्ला लागत नाही. ते काळे कपडे घालून उद्घाटनाला आधीच पोहोचलेले असतात.

कोची-मुझिरिस बिएनाले हे समकालीन कलेचं प्रदर्शन म्हणजे या प्रयोगाला सगळ्यात सोयीचं ठिकाण. १२ डिसेंबर २०१२ रोजी, म्हणजे बारा-बारा-बाराचा मुहूर्त साधून, ते पहिल्यांदा भरलं. बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या दोन चित्रकारांनी ते उभं केलं. दोघेही मूळचे केरळचे, पण शिकले मुंबईच्या सर जे. जे. स्कूलमध्ये. दुसऱ्या खेपेचा क्युरेटर जितीश कल्लाट मुंबईचा, तिसऱ्याचा सुदर्शन शेट्टीही मुंबईचाच, आणि सहाव्या खेपेची मांडणी निखिल चोप्राने गोव्यातल्या एचएच आर्ट स्पेसेसच्या मंडळींना बरोबर घेऊन केली. थोडक्यात, मुंबई-गोव्यातल्या माणसांनी मांडलेलं पाहायला मुंबई-गोव्यातल्या माणसाने कोकण रेल्वेने अख्खा दिवस आणि अख्खी रात्र खर्च करून जायचं आहे. हे विचित्र वाटेल, पण गणपतीला चाकरमानी गावी जातो तेव्हा तिथेही त्याला गिरगावातलेच शेजारी भेटतात आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

इतकं लांब जायचं कशाला, मुंबईत काळा घोड्याला जहांगीर कलादालन आहे, समोरच्या बाजूला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, लोकलच्या पासात दोन्ही उरकतं, असा आक्षेप येणार. तो खोटा नाही. पण गॅलरीची पांढरी भिंत मुंबईत असो की बर्लिनमध्ये, सारखीच पांढरी असते, आणि तिच्यावरचं चित्र पाहून आपण रस्त्यावर आलो की चित्र आत राहतं आणि रस्ता बाहेर. कोचीत ही सोय नाही. तिथलं मुख्य ठिकाण बऱ्याच खेपांना अॅस्पिनवॉल हाऊस हे राहिलं आहे. १८६७ साली सुरू झालेल्या एका इंग्रज व्यापारी कंपनीचा हा समुद्राला लागून असलेला वाडा. इथून खोबरेल तेल, मिरी, लाकूड, पुढे काथ्या, चहा, कॉफी असं काय काय बोटीत चढायचं. तिथून निघालं की पेपर हाऊस, मग बाजार रोडने मट्टनचेरीकडे दोन-तीन किलोमीटर चालत एकेक गोदाम. हे प्रदर्शन पाहायला तुम्हाला शहराच्या मागच्या दाराने आत शिरावं लागतं. जिथे पर्यटकाचं काही काम नसतं अशा गल्ल्या, जेट्ट्या, वखारी आणि त्यांचे लाकडी जिने चढावे-उतरावे लागतात. कुठल्याही टूरवाल्याने या वखारींमध्ये चाळीस माणसं नेली असती तर त्याला पैसे परत करावे लागले असते. कलेच्या नावाखाली तीच माणसं तिकीट काढून, रांग लावून आत जातात आणि वर आढ्याच्या तुळयांकडे बघून "काय बांधकाम होतं पूर्वीचं" असं म्हणतात. म्हणू देत. त्यासाठीच तर त्यांना नेलं.

बाजार रोडवर आणखी एक गंमत होते. एका गोदामात सुंठीची, मिरीची पोती रचलेली, पुढच्या गोदामात कुठल्याशा कलावंताने पोती रचलेली. एकीजवळ भाव सांगणारा माणूस उभा, दुसरीजवळ अर्थ सांगणारा फलक. पहिल्या दिवशी माणूस फलक वाचल्याशिवाय पोत्याकडे बघायची हिंमत करत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो फलक नसलेल्या पोत्यांकडेही थांबून बघायला लागतो. या पोत्यात काय, ते कुठून आलं, इथून कुठे जाणार, हमालाच्या हातातला आकडा कसा अडकतो. मला समकालीन कलेचा यापेक्षा मोठा उपयोग माहीत नाही. तिचा अर्थ लागो न लागो, तिच्यापायी माणसाला थांबण्याची सवय लागते, आणि टूरच्या वेळापत्रकात नेमकी तीच जागा नसते.

आता "कळत नाही" या मुख्य तक्रारीकडे. कळणं ही सहलीत फार घाईची गोष्ट आहे. मट्टनचेरीच्या डच पॅलेसमध्ये रामायणाची भित्तिचित्रं आहेत, आणि ती कोणाही मराठी कुटुंबाला कळतात. म्हणूनच ते कुटुंब "हा राम, ही सीता, चला" म्हणून चार मिनिटांत बाहेर येतं. ही चित्रं थांबून पाहावीत अशी आहेत. त्यांतली गर्दी, दागिन्यांचा सोस, एकमेकांना खेटून बसलेल्या आकृत्या कोणाच्या नजरेत भरत नाहीत, कारण गोष्ट ओळखीची निघाली की डोळ्यांचं काम संपतं. उलट २०१४ साली अॅस्पिनवॉल हाऊसमध्ये अनिश कपूरचा भोवरा होता. समुद्राच्या बाजूच्या एका खोलीत, जमिनीतच, काळसर पाणी गरगर फिरत खाली खेचलं जात होतं. एवढंच. पाणी तर धुण्याच्या मशीनमध्येही फिरतं, त्यासाठी कोची कशाला, असं कोणी म्हणेल. पण मशीनसमोर कोणी दहा मिनिटं गप्प उभं राहत नाही. अशा खोलीत न कळणारी माणसंच जास्त वेळ उभी राहतात. जाणकाराने संकल्पना ओळखलेली असते आणि तो पुढच्या खोलीत गेलेला असतो.

२०१६ साली चिलीचा कवी राऊल झुरिता याने एका गोदामात पाणी भरून ठेवलं होतं. समुद्रात बुडालेल्या सीरियन निर्वासितांबद्दलची ती कलाकृती, आणि भिंतीवरचे शब्द गाठायचे तर त्या पाण्यातून चालत जावं लागे. इथे विनोद आपोआप बंद होतो. पण त्याआधी एक अडचण आहेच: पायातले बूट. बूट-मोजे काढा, पँट दुमडा, हातातली खरेदीची पिशवी सांभाळा, एवढं करून गुडघ्याखालपर्यंत भिजलेला माणूस त्या शब्दांपुढे उभा राहतो तेव्हा त्याच्या अंगावर तज्ज्ञपणाचा एकही कपडा उरलेला नसतो. अशा कलेला जाणकार नको, सोशिक माणूस हवा. आणि सोशिकपणात आपला समाज कमी नाही. दर्शनाच्या रांगेत आठ तास काढणाऱ्यांना एका गोदामातल्या पाण्याचं काय?

"पण काही नसलेल्या खोलीला कला म्हणतात, हे अति होतं" असंही ऐकू येतं. यावर कोचीनेच उत्तर देऊन ठेवलंय. फोर्ट कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. तो १५२४ साली कोचीत वारला, तिथे पुरला गेला, आणि १५३९ साली त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. म्हणजे गेली जवळजवळ पाचशे वर्षं त्या जागी कोणी नाही. तरी प्रत्येक बस तिथे थांबते आणि प्रत्येक जण त्या कठड्याशेजारी उभं राहून फोटो काढतो. रिकाम्या कबरीसमोर भाविकपणे उभं राहणाऱ्याने रिकाम्या खोलीवर आक्षेप घेऊ नये. प्रदर्शनाच्या नावात ज्या मुझिरिसचा उल्लेख आहे त्याचीही तीच कथा. रोमन जहाजं जिथे मिरीसाठी यायची ते हे बंदर नेमकं कुठे होतं यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही. पेरियार नदीच्या १३४१च्या महापुराने किनारा बदलला, जुनी वाट गाळाने भरली आणि कोचीचं बंदर पुढे आलं, असं सांगतात. पट्टणम इथल्या उत्खननात सापडलेल्या खापरांचे ढीग मांडून विवान सुंदरम यांनी २०१२ साली एक अख्खं शहर जमिनीवर रचलं होतं, मिरीसकट. हरवलेल्या बंदराचं यापेक्षा चांगलं स्थलदर्शन कुठलाही गाइड करू शकत नाही, कारण त्याला दाखवायला स्थळच नाही.

एक आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. अशा उत्सवांमुळे जुन्या वस्तीचा बाजार होतो, वखारींची कॅफे होतात, आणि ज्यांच्या हमालीवर ती गल्ली उभी राहिली त्यांना तिथली कॉफी परवडत नाही. हे खरं आहे, आणि आपण तिकीट काढून तिथे जातो तेव्हा त्यात आपलाही वाटा असतो. एवढंच म्हणता येईल की चहा टपरीवर प्यावा, पुट्टू-कडला साध्या खाणावळीत खावं, आणि मट्टनचेरीत कोकणी बोलणारी माणसं भेटली तर दोन शब्द बोलावेत. पोर्तुगीजांच्या काळात गोवा सोडून आलेले गौड सारस्वत तिथे शतकानुशतकं आहेत, आणि त्यांचं तिरुमल देवस्थान गोदामांपासून फार लांब नाही. याने गल्लीचं अर्थकारण बदलणार नाही, हेही मला कबूल आहे.

राहिला भरवशाचा प्रश्न, आणि इथे टूरवाले जिंकतात. ताजमहालाची तारीख पुढे ढकलली जात नाही. हे प्रदर्शन दर दोन वर्षांनी भरायचं. २०१२, १४, १६, १८ असं शिस्तीत भरलंही. मग करोना आला आणि २०२०चं २०२२वर गेलं. तेव्हा १२ डिसेंबरला ठरलेलं मुख्य प्रदर्शन ऐनवेळी पुढे ढकललं आणि दारं उघडली २३ डिसेंबरला. त्यासाठी देशोदेशींहून आलेले रसिक फोर्ट कोचीत मोकळे फिरत राहिले. एरवी जे पाहायला त्यांना फुरसत झाली नसती ते शहर त्यांना सक्तीने पाहावं लागलं. माझ्या मुद्द्याला यापेक्षा भक्कम पुरावा नको: प्रदर्शन झालं तर शहर दिसतं, न झालं तर जास्तच दिसतं. सहावी खेप त्यानंतर तीन वर्षांनी, १२ डिसेंबर २०२५ला सुरू झाली. म्हणून दोन वर्षांच्या हिशोबावर रजा टाकू नये, जाहीर झालेल्या तारखेवर टाकावी.

तर बेत असा आखावा. उद्घाटनाचा आठवडा कलावंतांना आणि समीक्षकांना सोडून द्यावा. तेव्हा अर्ध्या ठिकाणी रंग ओला असतो आणि बाकीच्या अर्ध्या ठिकाणी गर्दी. प्रदर्शन तीन-साडेतीन महिने चालतं, त्यातला जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी धरावा. तीन दिवस पुरतात, रोज अर्धा दिवसच कला पाहावी, कारण त्या उकाड्यात पाचव्या गोदामानंतर कोणालाच काही दिसत नाही. एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला गाडीने पुलांवरून वळसा घालण्यापेक्षा बोटीने किंवा वॉटर मेट्रोने जावं. परदेशी सिनेगॉग शनिवारी बंद असतं, तेव्हा मट्टनचेरीसाठी दुसरा वार ठेवावा आणि सिनेगॉगमध्ये गेल्यावर झुंबरांआधी खाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरशांकडे बघावं. पायात सहज निघणाऱ्या चपला असाव्यात. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि कोकण रेल्वेने जाणारी नेत्रावती एक्स्प्रेस लवकर भरते, तेव्हा तारीख जाहीर झाली की घरात चर्चा करत बसू नका, आधी तिकिटं काढा.