निःपक्षपाती कोनदुभाजक

कोनाच्या शिरोबिंदूतून निघून त्या कोनाचे दोन समान भाग करणाऱ्या किरणाला कोनदुभाजक म्हणतात, आणि भूमितीच्या पुस्तकात त्याचा प्रवेश इतक्या सालसपणे होतो की या गृहस्थाकडून पुढे काही उपद्रव होईल अशी शंकाही कोणास येत नाही. युक्लिडने पहिल्याच खंडाच्या नवव्या विधानात त्याची रचना सांगितली असून ती कोनमापकाला न शिवता, केवळ कंपास आणि पट्टी यांच्या साहाय्याने होते. (तेवढ्याच साधनांनी कोणत्याही कोनाचे तीन समान भाग करण्याचा हट्ट मात्र शतकानुशतके चालला, आणि अशी सार्वत्रिक रीत असूच शकत नाही हे वांत्झेलने १८३७ मध्ये सिद्ध केल्यावरही हौशी मंडळींनी तो सोडला नाही.)

दुभाजकावरील प्रत्येक बिंदू कोनाच्या दोन्ही भुजांपासून समदूर असतो, म्हणजे त्यापासून दोन्ही भुजांवर टाकलेले लंब सारख्याच लांबीचे भरतात. त्यामुळे त्रिकोणाचे तिन्ही दुभाजक अंतर्मध्य या एकाच बिंदूत मिळतात आणि तिन्ही बाजूंना स्पर्श करणाऱ्या अंतर्वर्तुळाचे केंद्रही तोच ठरतो. त्रिकोण विशालकोन होताच परिमध्य, म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या परिवर्तुळाचे केंद्र, बाहेर पडतो. अंतर्मध्य कोणत्याही परिस्थितीत आतच राहतो.

एवढ्या समदृष्टीच्या पंचाने समोरची बाजूही निम्मी-निम्मी वाटावी, ही अपेक्षा रास्त असली तरी ती सपशेल फसते, कारण दुभाजक समोरच्या बाजूला उरलेल्या दोन बाजूंच्या गुणोत्तरात विभागतो. त्या बाजू ६ आणि ९ असतील आणि समोरची १० असेल, तर ६ च्या शेजारी ४ आणि ९ च्या शेजारी ६ येतात. ज्याची भुजा लांब, त्याचा वाटा मोठा, आणि कोनाचे माप पाहिले तर पंचाला नावे ठेवायला जागा नाही. समोरच्या बाजूचे काटेकोर दोन भाग करते ती मध्यगा, पण बाजू असमान असल्या की ती कोनाच्या बाबतीत उघड पक्षपात करते.

समद्विभुज त्रिकोणात पायाच्या कोनांचे दुभाजक समान लांबीचे असतात, हे शाळकरी मूलही चार ओळींत दाखवते. याचा व्यत्यास, म्हणजे दोन दुभाजक समान असतील तर त्रिकोण समद्विभुजच असतो, हे मात्र इतके अवघड निघाले की १८४० मध्ये लेमुस यांनी स्टुर्म यांना पत्र लिहून शुद्ध भौमितिक सिद्धता मागितली, आणि स्टायनर यांनी ती दिल्यावरही नव्या सिद्धतांचा ओघ थांबला नाही. समान मध्यगा किंवा समान शिरोलंब यांच्यासाठी कोणाला असा पत्रव्यवहार करावा लागला नाही.

बाह्य कोनांच्या दुभाजकांबाबत तर हा व्यत्यास चक्क खोटा ठरतो. १२°, १३२° आणि ३६° कोनांच्या त्रिकोणात पहिल्या दोन शिरोबिंदूंपाशी बाह्य कोनांचे दुभाजक काढून समोरच्या वाढवलेल्या बाजूंपर्यंत नेले, तर ते दोन्ही त्या शिरोबिंदूंना जोडणाऱ्या बाजूएवढेच भरतात, आणि तरीही त्रिकोणाची कोणतीही बाजू दुसरीशी जुळत नाही.