मेस्त्री जन्मावा शेजारच्या घरात

गणपतीच्या तोंडावर करूळ घाटात उभं राहावं. मुंबई-गोवा महामार्गावरचा विश्वास उडालेला चाकरमानी कोल्हापूरमार्गे गगनबावड्याहून खाली उतरत असतो. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये आणि पाय ब्रेकवर. निम्म्या घाटात जळका वास येतो, पेडल खाली जातं, चाकांतून धूर निघतो. मग वैभववाडीतल्या भावाला फोन : “मेस्त्री खंय गावतलो?”

मेस्त्री कसा गावणार? वैभववाडीची पोरं हुशार आहेत. कोकण विभागीय मंडळ वेगळं झाल्यापासून दहावीच्या निकालात कोकण राज्यात पहिलंच. पहिल्या आलेल्या विभागातला मुलगा गाडीखाली झोपला, तर मंडळाची इभ्रत ती काय राहिली?

तरी सरकारने हिंमत सोडलेली नाही. 1986च्या शिक्षण धोरणाने ठरवलं, की 1990पर्यंत उच्च माध्यमिकची दहा टक्के आणि 1995पर्यंत पंचवीस टक्के मुलं व्यवसाय शिक्षणाकडे वळवायची. 1992मध्ये टक्के तसेच ठेवून तारखा तेवढ्या पाच वर्षांनी पुढे सरकवल्या. 2020च्या धोरणाने एकदम पन्नास टक्क्यांना हात घातला, मुदत 2025. गाडी सुरू होत नसेल तर नंबरप्लेट बदलावी, हे तंत्र कुठल्या गॅरेजात शिकवतात, याची चौकशी व्हायला हवी.

काही शाळांत नववीपासून ऑटोमोबाईल हा विषय मिळतो. आमच्या माहितीतल्या एका शाळेत तो आला, तेव्हा पालकसभेत एकच प्रश्न झाला : “मार्क पडतत मां? मग घेव दे. पण हातांक ग्रीस लागाक नको.” शाळेनेही हा शब्द पाळला. कपाटात अर्ध्यात कापलेलं इंजिन आहे, लाल-निळ्या रंगात रंगवलेलं. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरची किल्ली त्यांच्या पिशवीत. तपासणीला साहेब आले, की पिस्टन फडक्याने पुसला जातो. सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट ही चार नावं मुलं आरतीच्या चालीत म्हणतात. 1 एप्रिल 2020पासून बीएस-6 आलं, नव्या दुचाकींत फ्युएल इंजेक्शन बसलं. पण मुलांच्या वहीत कार्बोरेटरची आकृती अशी रेखीव, की पेट्रोलने आपण होऊन आत शिरावं. प्रत्यक्षात पोरं प्लगही काढत नाहीत. बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये टक्का वर चढला, की पान्याचं काम झालं.

आता घाटातल्या त्या गाडीकडे शेवटी जो पोहोचला, त्याचं बघा. नववीत शाळा सुटलेला, स्टेशन रोडच्या बाजूला पत्र्याखाली गॅरेज. त्याने आधी तापलेल्या डिस्कवर बाटली ओतायला निघालेल्या मालकाचा हात धरला. “पाणी नको, डिस्क वाकडी होतली. अर्धा तास थांबा. उतारार गाडी दुसऱ्या गेरात ठेवा, इंजिनच तिका धरून ठेवता.” अख्ख्या वर्षाचा धडा तीन वाक्यांत. मालकाने आधी दोनशे रुपयांवरून घासाघीस केली, मग मागच्या सीटवरच्या मुलाकडे वळून म्हणाला, “बघितलंस? अभ्यास कर!”

मेस्त्रीची ही कीर्ती त्या शाळेपर्यंत गेली. कौशल्य योजनेत क्षेत्रभेट असते, तज्ज्ञांचं अतिथी व्याख्यानही असतं. चाळीस मुलं त्याच्या पत्र्याखाली जाऊन आली. इंजिन खरोखर सुरू होतं हे पाहून दोघी-तिघी दचकल्या. मग व्याख्यानालाही तोच यावा असं ठरलं. तो आला, तासभर बोलला, पोरांकडून एक जुनी मोटारसायकल खोलवून परत जोडवून घेतली. मानधनाचा कागद वर गेला आणि शेरा होऊन खाली आला : तज्ज्ञ व्यक्तीने ऑटोमोबाईल विषय उत्तीर्ण केल्याचे प्रमाणपत्र जोडावे.

आता तो सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणार म्हणतो. कार्बोरेटरची आकृती सुबक यावी म्हणून नववीतली एक मुलगी त्याला रोज संध्याकाळी शिकवते.