सायबरशेठ

प्रत्येक गावात असा एक तरी गडी असतो, ज्याच्यासमोर एखाद्या गोष्टीचं कौतुक करायची चोरी आणि तिला नावं ठेवायचीही चोरी. कुणाचं हे नेत्याच्या बाबतीत असतं, कुणाचं बुलेटच्या, कुणाचं शर्यतीच्या बैलाच्या. कवठे येमाईत आमच्या वाट्याला आलेल्या गड्याचा जीव ‘सायबरपंक २०७७’ नावाच्या व्हिडिओ गेमवर जडला आहे. त्याचं खरं नाव सांगत नाही, कारण त्याच्या सोयरिकीचं अजून चाललं आहे. गाव त्याला सायबरशेठ म्हणतं.

मागे पुण्याहून सुट्टीला आलेलं एक पोरगं टपरीवर सहज म्हणालं, "काय भारी शहर बनवलंय राव त्या गेममध्ये, एकदम जिवंत!" झालं. सायबरशेठने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"जिवंत? गर्दीतल्या माणसाशी बोलून बघितलं का कधी? एकच वाक्य बोलतो आणि चालायला लागतो. या कोपऱ्यावर दिसलेली बाई त्याच साडीत पुढच्या कोपऱ्यावर उभी." (साडी ही त्याची भर, गेममधल्या त्या शहरात, नाईट सिटीत, साडी नाही.) "आणि पोलीस? सुरुवातीच्या आवृत्तीत तुम्ही गुन्हा केला रे केला, की पोलीस थेट तुमच्या पाठीशी उगवायचे. गाडी नाही, सायरन नाही, जमिनीतून वर!"

गुन्हा घडताच पोलीस हजर, ही गोष्ट टपरीवर कुणालाच पटली नाही. एक म्हातारा म्हणाला, "त्यालाच सायन्स फिक्शन म्हणत असतील."

पोरगं बिचारं माघार घेत म्हणालं, "मग फालतूच आहे म्हणायचा." इथे ते फसलं. सायबरशेठचा आवाजच बदलला. नाईट सिटी म्हणजे नुसता नकाशा नव्हे. खालच्या बोळातून मान वर केली की पुलावर पूल, त्यावर गाड्या, त्याच्या वर जाहिराती, आणि त्या सगळ्याच्या वर कंपनीचा मनोरा. जपानटाउनचा पाऊस वेगळा, गावाबाहेरच्या बॅडलँड्सची धूळ वेगळी. मुख्य गोष्टीपेक्षा आडवाटेची कामं सरस. चोरीचा सौदा घ्यायला जावं आणि एखाद्या बाईच्या घरचं दुःख पदरात घेऊन परत यावं. मग तो जॅकीवर आला. जॅकी वेल्स म्हणजे नायकाचा जिवलग दोस्त, जो पहिल्याच मोठ्या दरोड्यात मरतो. त्याची आई तिच्या पद्धतीने त्याच्या आठवणीचा कार्यक्रम ठेवते. सायबरशेठ त्याला दशक्रिया म्हणतो. "एकेक जण उठतो, जॅकीची एकेक वस्तू ठेवतो, दोन शब्द बोलतो. आणि काका, खरं सांगतो, एकही पुढारी श्रद्धांजलीला माईक धरत नाही." डोळे पुसून त्याने दुसरा चहा सांगितला. पैसे पोराने दिले.

तर नियम असा आहे: गेमला शिव्या घालायचा हक्क फक्त सायबरशेठचा. तुम्ही कौतुक केलंत तर तो खोट काढणार आणि खोट काढलीत तर वकीलपत्र घेणार. हा स्वभाव मी राजकारणात पुष्कळ पाहिला आहे, पण तिथे माणसाला काहीतरी मिळायची आशा असते. याला पोलंडमधून कोण काय देणार?

पोलंड हे त्याने गावाला शिकवलेलं नाव. गेम बनवणारी सीडी प्रोजेक्ट रेड ही कंपनी वॉर्साची. मुळात सायबरपंक हा कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळायचा खेळ. माईक पाँडस्मिथ या अमेरिकन माणसाने तो १९८८ मध्ये काढला. त्यावरून व्हिडिओ गेम करणार, असं पोलंडच्या कंपनीने २०१२ मध्ये जाहीर केलं. सायबरशेठ तेव्हा शाळेत होता. २०१९ मध्ये हॉलिवूडचा नट किआनू रीव्ह्ज मंचावर आला आणि तारीख सांगून गेला: १६ एप्रिल २०२०. मग ती झाली १७ सप्टेंबर. मग १९ नोव्हेंबर. मग १० डिसेंबर. टाळेबंदीत घरी बसलेला सायबरशेठ भिंतीवरच्या कालनिर्णयवर गोल करायचा आणि खोडायचा. आईला वाटायचं, पोरगं गॅसच्या टाकीचा हिशोब ठेवतंय.

अखेर गेम आला. सायबरशेठने तो मित्राकडून स्वस्तात घेतलेल्या जुन्या प्लेस्टेशन फोरवर लावला, आणि त्या यंत्राला तो झेपेना. चित्र अडखळायचं, माणसांचे चेहरे उशिरा उमटायचे, रस्त्यातली गाडी मध्येच नाहीशी व्हायची आणि ऐन मोक्यावर सगळं बंद पडायचं. जगभर एवढी बोंब झाली की प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने आठवडाभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. परत ठेवला तो थेट जून २०२१ मध्ये. दरम्यान ज्याला हवे त्याला पैसे परत मिळत होते. सायबरशेठने घेतले नाहीत. पैसे परत मिळत असताना न घेणारा शेतकऱ्याचा पोरगा गावाने पहिल्यांदाच पाहिला.

त्याच्या वडिलांनी, आण्णांनी, हे सगळं ओट्यावर बसून शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "ओला कांदा चाळीत भरला त्यांनी. सडणारच." मी त्या गेमवर बरंच वाचलं आहे, इतकं नेमकं निदान मला कुठे सापडलं नाही. कंपनीने माल सुकू दिला नाही. आठ वर्षं जाहिरात केली, लाखो लोकांचे पैसे आधी घेतले, चार वेळा तारीख दिली आणि शेवटी नाताळचा बाजार गाठायला कच्चा माल उतरवला.

पुढे सायबरशेठ रांजणगाव एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागला आणि पहिल्या तीन पगारांच्या भरवशावर हप्त्याने गेमिंगचा लॅपटॉप घेतला. इथे त्याला गेम खऱ्या अर्थाने कळला, असं माझं मत आहे. त्या गेममध्ये सरकार नावापुरतं, राज्य कंपन्यांचं. अरासाका जपानी, मिलिटेक अमेरिकन. माणूस हात विकतो, डोळे बदलतो, मेंदूत चकती बसवतो आणि या सगळ्याचं कर्ज फेडत बसतो. अंगात शस्त्रक्रियेने यंत्रं घालणाऱ्या डॉक्टरला तिथे रिपरडॉक म्हणतात. आपला नायक व्ही पहिल्यांदा नवे डोळे घेतो तेच मुळी उधारीवर. पहाटे कंपनीची बस पकडणाऱ्या आणि गळ्यातलं कार्ड यंत्राला दाखवून आत जाणाऱ्या पोराला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. "काका, हे लोकं म्हणतात भविष्यातली गोष्ट. मला तर ठेकेदार ओळखीचा वाटला."

हे झालं गेमचं मोठं बळ. त्याची मोठी खोट मात्र सायबरशेठच्या नव्हे, आमच्या गावातल्या एका जुन्या तमासगिराच्या ध्यानात आली. कवठे येमाई हे बशीर मोमीन कवठेकरांचं गाव. लावण्या, वग, गण-गवळणी लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. २०१८ चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला आणि २०२१ मध्ये ते गेले. तेव्हा सोंग काढणं म्हणजे काय, हे इथल्या म्हाताऱ्यांना शिकवायला पोलंडहून कुणी यायला नको. सायबरशेठ त्यांना सांगत होता, "बाबा, या प्रकाराला रोल-प्लेइंग म्हणतात. सुरुवातीलाच निवडायचं, भटका, गल्लीतला पोरगा का कंपनीचा माणूस."

"बरं. मग?"

"मग अर्धा-पाऊण तास गोष्ट वेगवेगळी. पुढं सगळ्यांची एकच. मधूनमधून एखादं वाक्य जास्तीचं बोलता येतं."

"आणि बोलायचं ते तू ठरवतो?"

"नाय, समोर दोन-तीन वाक्यं येतात. त्यातलं निवडायचं."

म्हाताऱ्याने तंबाखू मळता मळता विचारलं, "मग सोंग तुझं का त्यांचं?"

वगातला सोंगाड्या गाव बघून बतावणी बदलतो. समोर सरपंच बसलाय का पाटील, त्यावर त्याचा विनोद ठरतो. व्हीची गोष्ट रंगतदार आहे, शेवटही अनेक आहेत, पण मधला रस्ता रूळ टाकलेला. सायबरशेठ त्या दिवशी वकीलपत्र न घेताच घरी गेला. हे फार क्वचित घडतं.

गेममधलं त्याचं लाडकं काम म्हणजे नेटरनिंग. भिंतीआड लपायचं आणि लांबूनच कॅमेरा आंधळा करायचा, यंत्र तापवायचं, शत्रूचे डोळे बंद पाडायचे. गोळी झाडायचीच नाही. हे तो दाखवत असताना शेतीची थ्री फेज वीज रात्री बाराला यायची होती. आमच्या भागात बिबट्यामुळे माणसं रात्री एकटी रानात जात नाहीत, आणि ही भीती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. आण्णांनी गोधडीतूनच हात बाहेर काढला, बटणांचा फोन घेतला आणि विहिरीवरची मोटार फोनवरून चालू करणाऱ्या मोबाईल ऑटोला लावला. पलीकडून रेकॉर्ड केलेल्या बाईने वीज आल्याचं सांगितलं. आण्णांनी एक दाबला. अर्ध्या मैलावर मोटार सुरू झाली, आण्णा कुशीवर वळले आणि घोरायला लागले. सायबरशेठ स्क्रीनकडे आणि आण्णांकडे आळीपाळीने बघत राहिला. नायकाच्या हॅकिंगला रॅम पुरावी लागते, आण्णांच्या हॅकिंगला सिमचा रिचार्ज. एवढाच काय तो फरक.

आजीचा या गेमशी संबंध वेगळा. नायकाच्या डोक्यात जी चकती बसते, तिच्यात जॉनी सिल्व्हरहँड नावाच्या कधीच मेलेल्या गवयाचा जीव असतो. तो फक्त नायकाला दिसतो, टोमणे मारतो, सिगारेट मागतो आणि हळूहळू त्याचं शरीर ताब्यात घेऊ लागतो. किआनू रीव्ह्जचं काम ते हेच. गेमची सगळी गोष्ट या ओढाताणीवर उभी आहे आणि ती खरोखर बांधेसूद आहे. नातवाने ती सांगितल्यावर आजी म्हणाली, "एवढ्या डाक्टरांकडं फिरतोय, आन् देवऋष्याला नाय दाखवलं व्हय? पोराच्या अंगात आलंय."

खरी गंमत २०२३ ला झाली. सप्टेंबरात २.० आवृत्ती आली. पोलिसांचा पाठलाग सुधारला, कौशल्यांची सगळी मांडणी नव्याने झाली, आणि पाच दिवसांनी ‘फँटम लिबर्टी’ ही नवी जोडकथा आली. हेरगिरीची, इद्रिस एल्बा हा नट असलेली, आणि मूळ गोष्टीपेक्षा घट्ट विणलेली. डिसेंबरात नाईट सिटीत मेट्रोत बसायचीही सोय झाली. आम्हाला रेल्वे बघायची तर अजून दौंड नाहीतर पुणं गाठावं लागतं. ज्यांनी शिव्या घातल्या होत्या तेच लोक आता डोक्यावर घेऊन नाचू लागले. सायबरशेठला आनंद व्हायला हवा होता, तो चिडला. "आत्ता कळलं का यांना? आम्ही १.० पासून सोसतोय!" नव्या भक्तांचा त्याला मनस्वी तिटकारा. तेव्हापासून तो २.० ची खोटही काढतो: जुन्या प्लेस्टेशनवाल्यांना ती मिळालीच नाही, वाऱ्यावर सोडलं.

आण्णांनी मात्र यातून आपल्या कामाचा मुद्दा उचलला. "तुझं टू पॉइंट झीरो कव्हा येणार?" असं ते जेवताना विचारतात. मागच्या महिन्यात शिक्रापूरच्या स्थळाकडे बघायला गेलो होतो, मीही बरोबर होतो. पोहे आले, मुलीच्या मामाने नोकरीची चौकशी करत विचारलं, "अनुभव किती?" सायबरशेठ भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत तंद्रीत बोलून गेला, "चारशे तास." स्थळ अजून हो-नाही करतंय.

आता दुसऱ्या भागाचं काम सुरू असल्याचं कंपनीने सांगितलं आहे. तारीख दिलेली नाही, आणि आमचे शेठ आत्तापासून पैसे बाजूला टाकताहेत. वाचकांपैकी कुणाला या नादाला लागायचंच असेल, तर पहिला भाग २.० नंतरचा घ्या, एसएसडी असलेल्या यंत्रावरच खेळा, आणि आडवाटेची कामं सोडू नका. पैसे वसूल होतील. दुसरा भाग आला तर पहिल्या दिवशी मुळीच घेऊ नका. वर्षभर थांबा. आणि कवठ्याला आलात तर टपरीवर या गेमबद्दल बरं किंवा वाईट, काहीही बोलू नका. चहाचे पैसे तुम्हालाच द्यावे लागतील.