कॅमेऱ्याला ऊन लागलं

नवतप्याचा तिसरा दिवस. साक्षगंधाचं जेवण आटोपून लॉनबाहेर आलो, तर गाडी चार तासांपासून उन्हात शिजत उभी. दार उघडलं तेव्हा आतून जो झोत आला, त्यावर पापड भाजून निघाला असता. स्टिअरिंगला हात लावला आणि तव्यावर पडताना भाकरीला काय वाटत असेल ते कळलं. सेल्फ मारला. समोरच्या पडद्यावर निवेदन उमटलं: 'पुढचा कॅमेरा तात्पुरता अनुपलब्ध.'

क्षणभर तलाठ्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभा आहे असंच वाटलं.

हा कॅमेरा म्हणजे आरशामागं, काचेला नाक लावून बसवलेला पहारेकरी. पुढची गाडी फार जवळ आली की ओरडायचं, गरज पडली तर ब्रेक लावायचा, हे त्याचं काम. त्याच्यापायी आम्ही वरचं मॉडेल घेतलं, जादा हप्ते घेतले. पण काच तापली की याचं डोकं तापतं आणि एसीची हवा लागेपर्यंत साहेब कामावर येत नाहीत. डिसेंबरात तो मला सांभाळणार. मे महिन्यात मी त्याच्यासाठी सावली शोधायची, काचेला चांदीसारखा पडदा लावायचा. बाळंतिणीचीही एवढी उस्तवार होत नाही.

तरी आम्ही नागपूरकर यंत्राला नावं ठेवत नाही. ३० मे २०२४ ला इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं तापमान नोंदवलं ५६ अंश. आमचा २०१३ मधला ४७.९ चा विक्रम एका दुपारीत मोडला म्हणून गावाची छाती फुगली. मग हवामान खात्यानं खुलासा केला, आकडा खरा नाही, सेन्सरचा घोटाळा आहे. ऊन मोजायला उभा केला, त्यालाच ऊन लागलं. त्याच्या खिशात कांदा ठेवायचं कुणाला सुचलं नसणार.

असो. घरी पोहोचेपर्यंत कॅमेऱ्यामागोमाग चाकातल्या हवेचा दिवा लागला, मग एबीएसचा, आणि शेवटी मांडीवर चेंडू घेऊन बसलेला एअरबॅगचा तो लाल माणूस. मीटरवर गणपतीची आरास झाली. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडीला स्कॅनर जोडला, आठ कोड काढले आणि थंड पाण्याच्या ग्लासासोबत अंदाजपत्रक दिलं. त्या बेरजेत माझी पहिली लुना दोनदा आली असती. बोनेट मात्र कुणी उघडलं नाही. सगळं पडद्यावर दिसत असताना बोनेटात कोण डोकं घालणार?

मेव्हण्यानं फुकट सल्ला दिला, "दिव्यावर काळी टेप मारा ना." त्याला तो अधिकार आहे. जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीत बेल्ट नसला की आणि वेग ८० च्या वर गेला की आवाज होणं सक्तीचं झालं. बेल्टच्या खाचेत नुसती क्लिप अडकवून हा माणूस आता समृद्धी महामार्गावर शांतपणे गाडी पळवतो. असे मेव्हणे देशात बरेच असावेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२३ मध्ये पाच ऑनलाइन दुकानांतून या क्लिपांच्या १३,११८ जाहिराती काढायला लावाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला. टक्. पुन्हा मारला. टक् टक्. आरास विझली. बाह्या सरसावून तीन शेजारी धक्का मारायला आले. ऑटोमॅटिक गाडी धक्क्यानं सुरू होत नाही हे कळल्यावर हिरमुसून परत गेले.

शेवटी चौकातल्या बॅटरीवाल्याला फोन केला. तो खटारा व्हॅनमधून आला, स्कॅनर नव्हता, हातात वितभर मीटर होतं. बोनेट उघडलं. टर्मिनलवर शिळ्या पावावरच्या बुरशीसारखा हिरवा-पांढरा फुलोरा. मीटर लावलं: ११.८.

"साडेबाराच्या वर पायजे जी. हे तं खाली हाये."

"पण एअरबॅगचा दिवा लागला होता."

"लागनच ना! सारे सेन्सर हिच्याच जिवावर. सेल्फ मारताना हिचा दम गेला का ते येड्यावानी करतात."

माझी समजूत होती की बॅटरी थंडीत बसते. तो हसला. "मारते तिले उन्हाळा. हिवाळ्यात फक्त मयत निघते." खरंच आहे. उष्णतेनं आतल्या शिशाच्या प्लेटा भराभर गंजतात, पाणी उडतं; तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं, असा ढोबळ हिशेब. त्यात माझं ऑफिस चार किलोमीटरवर. सेल्फनं घेतलेलं कर्ज तेवढ्या अंतरात फिटत नाही, आणि रात्रभर डॅशकॅम थेंब थेंब पीत बसतो.

मग एवढ्या बडबड्या गाडीत बॅटरीची सूचना कशी नाही? चित्र आहे की, लाल, ठसठशीत. पण ते लागतं अल्टरनेटरनं चार्ज करणं सोडलं की. पाटी एकाची, दुकान दुसऱ्याचं.

त्यानं खायचा सोडा घातलेलं गरम पाणी ओतलं, ब्रशनं घासलं, जुनी बॅटरी काढून नवी बसवली, टर्मिनलला व्हॅसलीन फासलं. थोडं अंतर चालवून आणल्यावर लाल माणूस गेला, एबीएस गेला. कॅमेराही हजर झाला. सकाळचे साडेआठच वाजले होते.

पैसे द्यायला त्याच्या व्हॅनपाशी गेलो. मीटरवर नेमकी दिवे लागतात त्या जागी गजानन महाराजांची तसबीर चिकटवली होती. कडेनं लालसर उजेड झिरपत होता, महाराजांभोवती प्रभावळ असावी तसा.

"कशाचा दिवा आहे हो?"

"तीन वर्षांपासून बंदच नाही होत. मंग महाराजांले म्हटलं, आता तुमीच पाहा."

आणि त्यानं सेल्फ मारला. एका दमात लागली.